मोठ्या बाई तक्ते उतरवतात

भिंतीवर तक्ता सरळ लावणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही, आणि एकटीने तर नाहीच. स्टुलावर चढायचं, एका हाताने तक्ता दाबून धरायचा, चिकटपट्टी दातांनी तोडायची, आणि मग खाली उतरून लांबून बघावं, तर मुळाक्षरं उतरणीला लागलेली. शाळेतल्या इतर शिक्षिका या कामाला शिपायाला हाताशी धरत. छोट्या बाई धरत नसत. पहिलीचा वर्ग आपल्या हातानेच लावायचा, हा त्यांच्या घराचा हट्ट होता.

घराचा म्हणजे आईचा. याच शाळेत, याच खोलीत, त्यांच्या आईने जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळला होता. त्या मोठ्या बाई, म्हणून ह्या छोट्या बाई. आता छोट्या बाईंचे केस पिकायला लागले, चष्म्याचा नंबर वाढला, तरी लोकांच्या तोंडी नाव तेच. लग्नाचं राहून गेलं, ते का, हे विचारायचंही लोकांनी आता सोडून दिलं होतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईही वर्गात होत्या, शेवटच्या बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. दुसरा इलाजच नव्हता. दोनेक वर्षांपासून त्यांच्या डोक्यातलं सगळं सरमिसळ झालं होतं. लेक कधी ओळखू यायची, कधी नाही. एकदा दार उघडून निघाल्या त्या थेट मोठ्या रस्त्यावर सापडल्या. सांभाळायला ठेवलेल्या बाईने त्याच दिवशी हात जोडले. सुट्टीभर छोट्या बाईंनी एकटीने निभावलं, पण उद्यापासून काय? उद्यापासून आई दादाकडे राहणार होती. आज दुपारी गाडी घेऊन तिला न्यायला परस्पर शाळेतच येतो म्हणाला होता. आईची बॅग भरून वर्गाच्या दाराशी तयार होती.

हेडबाईंनी सकाळी हळूच सांगून ठेवलं होतं, "आजचं ठीक आहे हो. पण उद्या पालक येतील, रडणारी पोरं असतील. उद्या मात्र त्यांना आणू नका." त्या चिडून बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

तक्ते लागले, बाकांवर मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटल्या, फळ्याच्या कडेने पताका झाल्या. रंगीत खडू आणायला छोट्या बाई खालच्या कोठीत गेल्या आणि परत येऊन बघतात तर अर्धी भिंत उघडी! मोठ्या बाई स्टुलाशेजारी उभ्या राहून प्राण्यांच्या तक्त्याची गुंडाळी करत होत्या. चित्र आतल्या बाजूला, कडा एकसारख्या, वर दोऱ्याची गाठ. एक कोपरा म्हणून फाटला नव्हता.

"आई, अगं काय केलंस हे!"

"वर्ष संपलं ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. "भिंती मोकळ्या करून सुट्टीवर जायचं असतं. नाहीतर उंदीर कुरतडतात सगळं. तुम्ही नवीन आहात का इथे?"

"वर्ष संपलं नाही गं, सुरू व्हायचंय. उद्या."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि शहाण्यासारख्या बाकावर जाऊन बसल्या.

छोट्या बाईंनी तक्ते पुन्हा लावले. त्या चिठ्ठ्यांकडे वळतात न वळतात तोच पाठीमागे चिकटपट्टी सुटल्याचा आवाज. ये रे माझ्या मागल्या! तिसऱ्यांदा त्या ओरडल्या, चांगल्या जोरात ओरडल्या, आणि मोठ्या बाईंचा चेहरा पोरासारखा बावरला. ओरडून काय मिळवलं? स्वतःच्या जिवाला घोर. धसमुसळेपणा केला असता तर रागवायला जागा होती. पण आई आपलं काम चोख करत होती, फक्त वर्षाच्या चुकीच्या टोकाला उभी राहून.

दुपार कलली तेव्हा दादाचा फोन आला.

"अगं, आज जमत नाहीये. तुझ्या वहिनीचं म्हणणं, मुलांच्या खोलीत आईला कसं ठेवायचं? थोडी कळ काढ. पुढच्या महिन्यात बघू."

"दादा, उद्या शाळा आहे माझी."

"मग रजा टाक ना."

"पहिलीच्या वर्गाला पहिल्या दिवशी रजा? आणि परवा काय करू?"

"हे बघ, तुला सवय आहे. तिला प्रेमाने समजावून सांगत जा. औषधं वेळेवर दे. आणि तू जरा शांत राहा बघू."

उंटावरून शेळ्या हाकायला दादाला कधीच कुणी शिकवावं लागलं नाही. फोन त्यानेच ठेवला.

छोट्या बाई जिथे उभ्या होत्या तिथल्याच बाकावर बसल्या. हेडबाईंकडे जावं, तर त्यांचं उत्तर ठाऊक होतं. शेजाऱ्यांना विचारावं, तर तेही विचारून झालं होतं. आईला आत ठेवून बाहेरून कुलूप लावावं, हा विचार मनात आला आणि त्यांची त्यांनाच किळस आली. मागे तक्ते एकेक करून उतरत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही. सगळं बळ संपलं होतं.

भिंत मोकळी झाल्यावर मोठ्या बाई हात झटकत पुढे आल्या. बाकावरच्या मान खाली घातलेल्या बाईकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि शेजारी टेकल्या.

"काय गं बाळ, कुणी न्यायला आलं नाही का तुला?"

छोट्या बाईंनी नुसती मान हलवली.

"रडू नको. होतो उशीर मोठ्या माणसांना." त्यांनी आपल्या खरखरीत तळव्याने तिचे गाल पुसले. "कुणी येईपर्यंत मी बसते इथे. तुला एकटीला टाकून मी कशी जाईन?"

आईला कुठेतरी पाठवून द्यायच्या खटपटीत सबंध सुट्टी घालवलेल्या लेकीने तिच्याच खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती मोठ्याने रडली. उद्या सकाळी आईला कुठे ठेवायचं, हे तिला अजूनही माहीत नव्हतं.