एकादशीचा तुकडा

हवालदारकाका फक्त एकादशीला मासे खायचे. वर्षातले बाकीचे सगळे दिवस भात, आमटी, भाकरी, अंडंसुद्धा नाही. न्हावा शेव्याच्या ज्या कंटेनर यार्डात मी कागदपत्रांचं काम करते, तिथे ते सिक्युरिटी सुपरवायझर होते. मला कामाला लागून महिना झाला असेल. कॅन्टीनमध्ये ते समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, डब्यात मासं हाय न्हवं? एक तुकडा द्या." मी दिला. कडू औषध घ्यावं तसा त्यांनी तो उभ्याउभ्या गिळला, हात धुतले आणि गेटवर निघून गेले.

शेजारी जेवत बसलेली मैत्रीण म्हणाली, "अगं, आज एकादशी! आणि घराणं माळकऱ्यांचं आहे त्यांचं, साताऱ्याकडचं." आम्ही आगरी, मासे आमच्या रोजच्या ताटातले. पण एकादशी गाठून मासे मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

हणमंत शेलार हे त्यांचं नाव. वीस-बावीस वर्षं फौजेत काढलेली, बायको गेलेली, मूलबाळ नाही. खांदेश्वरला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर भाड्याने राहायचे. युनिफॉर्मला इस्त्री करताना असे काही अभंग म्हणायचे की जिन्यातली माणसं थांबायची. भजनी मंडळाच्या बायका मागे लागल्या, आम्हाला शिकवा म्हणून. काकांचं उत्तर ठरलेलं: "आपला बूट आपल्या पायात बरा. दुसऱ्याला घातला की त्याचा पाय कापतो." आम्ही या वाक्यावरून त्यांची फार थट्टा करायचो.

माझ्या बाबांचं आणि त्यांचं मात्र जमलं. बाबांनी उभं आयुष्य खाडीत जाळं टाकलं. गावाच्या जागी शहर आलं, जाळं माळ्यावर गेलं, बाबा सोसायटीच्या बाकड्यावर आले. संध्याकाळी दोघं तिथे बसायचे. एक बोलायचा, एक ऐकायचा. मग बाबांना हृदयाचा झटका आला आणि आता माळ घालायची असं त्यांच्या मनाने घेतलं. माळ घालायची म्हणजे मासे सुटले, दारू सुटली. माळ घालायची तीही माळकऱ्यानेच, आणि बाबांच्या ओळखीत माळकरी घराण्यातले एक काकाच. बाबांनी पनवेलहून तुळशीची माळ आणली, धुतलेला सदरा घातला आणि काकांना घरी बोलावलं.

"हवालदार, माझे गल्यान ही माल तुमचे हातान घाला."

काका ताडकन उभे राहिले. "न्हाई. माझ्या हातनं न्हाई."

बाबांचा चेहरा इतका पडला की मला राहवेना. "आजारी माणसाची एवढीशी इच्छा, काका! तुमचं काय जातंय?" माझा आवाज चढलाच होता. काका खाली बसले. तेव्हा त्यांनी सांगितलं, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला पाठ लावून.

फौजेने त्यांना शांतिसेनेत आफ्रिकेला पाठवलं होतं. एका मोठ्या तळ्याकाठी छावणी. संध्याकाळी आपले जवान भजन करायचे. गेटवर मासे विकायला येणारा बहाती नावाचा कोळी तारेपलीकडे बसून ऐकायचा, डब्यावर ठेका धरायचा. त्याचे चार शब्द काकांना येत, काकांचे चार त्याला. काकांनी त्याला अभंग शिकवला, देव सांगितला आणि एके दिवशी त्याच्या गळ्यात माळ घातली.

"सायेब म्हनलं हुतं मला, 'शेलार, हाथ में बंदूक लेकर धरम मत बाँटो. तुम बोलेगा, ये ले, तो वो ना कैसे बोलेगा?' मला वाटलं, आपुन कुठं जबरदस्ती केली? त्येचं त्यो आला. नेम सांगितला, मासं खायचं न्हाई, मारायचं न्हाई. लई अभिमान वाटला हुता मला, ताई."

बहातीने नेम पाळला. जाळं झोपडीच्या भिंतीला टांगलं ते टांगलंच. त्या मुलखात मासा सोडला तर पोटात घालायला दुसरं काय होतं? काका छावणीतला डाळभात गेटवरून द्यायचे, त्यावर त्याचं घर चालायचं. मग तुकडी चार महिन्यांसाठी दुसऱ्या ठाण्यावर गेली. डाळभात बंद झाला.

"परत आलो तर गेटवर उभा. हाडं नुसती. गळ्यात माळ. धाकटी पोर गेली हुती त्याची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं मला इचारलं, नेमात माझी काय चूक झाली?"

काकांचा हात मोकळ्या गळ्याकडे गेला. मग म्हणाले, "बाजूला एक बाई मासं तळत हुती. मी गळ्यातली माळ काढली, तिच्याकडनं तुकडा घेतला आन् त्याच्यासमोर खाल्ला. म्हनलं, बघ, मी बी खातो, तू बी खा. त्यानं माझ्याकडं बघितलं, आन् गेला. त्या दिशी एकादशी हुती. आठवड्यानं आमी भारतात आलो. त्यानं जाळं परत टाकलं का, मला ठावं न्हाई."

मला माझीच लाज वाटली. बाबांनी हातातली माळ हळूच देव्हाऱ्यात ठेवली. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टाकलाच आसंल त्यानं जाल. पानी बघून कोल्याचा हात गप नाय ऱ्हात. मी सांगतो ना तुमाला." त्यावर तो फौजी माणूस ओक्साबोक्शी रडला.

काका घरी गेल्यावर मी बाबांना विचारलं, "खरंच टाकलं असेल?"

बाबा म्हणाले, "मना काय ठावं, बाय? देवासाठी टांगलेला जाल मानूस सहजी नाय उतरवत. पन त्या मानसाला झोप लागाला नको?"

बाबांनी माळेचं नाव पुन्हा काढलं नाही. बाबा वारले, त्यानंतर आठ महिन्यांनी काकांच्या फुप्फुसात गाठ निघाली. एकादशीला मी डबा घेऊन हॉस्पिटलात गेले. त्यांना गिळता येत नव्हतं. मी तुकडा नुसता जिभेला लावला. माझं मनगट धरून त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं बाबा म्हनलं ते खरं असंल न्हवं?"

"खरंच आहे, काका," मी म्हणाले. "बाबा कधी खोटं बोलत नसत."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. गावाहून त्यांचा पुतण्या आला, खिशात तुळशीची माळ घेऊन. आमच्यात उघड्या गळ्याने कोणी जात नाही, म्हणाला. मी त्याचा हात धरला. चार माणसांसमोर परक्या घरच्या कामात पडले, पण धरला. "त्यांना नको होती," एवढंच सांगता आलं.

त्याने माळ खिशात ठेवली. जरा वेळाने विचारलं, "शेवटी काय बोलले का काका?"

"एका कोळ्यानं जाळं परत टाकलं का, विचारत होते."

"मग? टाकलं का त्यानं?"

काकांना मी हो म्हणाले होते. त्याला मात्र म्हणाले, "मला ठाऊक नाही."