फिकट बश्या

प्रयोगशाळेत तिला सगळे लालबाई म्हणत. यकृताच्या पेशी काचेच्या बश्यांमध्ये वाढवायच्या, त्यांना तेलकट खाऊ घालून फुगवायचं, मग लाल रंग ओतून आत चरबी किती साठली ते बघायचं, हे तिचं वीस वर्षांचं काम. हातमोजे घालूनही तो रंग नखांत शिरायचा तो शिरायचाच. बाई तिखट. न विचारता बशी हलवली म्हणून तिने एकदा खुद्द प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरांना झापलं होतं.

त्या वर्षी सरांनी एका कडू पानाचा अर्क आणला. रंगवल्यावर साध्या बश्या लालभडक आणि अर्काच्या फिकट गुलाबी. चरबी निम्म्याने उतरली म्हणून सर हवेत. लालबाईही हरखली. का नाही हरखणार? तिच्या थोरल्या भावाच्या यकृतात चरबी निघाली होती आणि बस चालवून पोट सुटलेला तो गडी व्यायामाचं नावही काढू देत नव्हता. त्याच संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "दादा, तुझ्या दुखण्यावर पान सापडलंय."

महिन्याभराने तोच प्रयोग पुन्हा करताना, अर्काची बशी धुताना, पाण्यात पांढुरके कण तरंगले. ती चरकली. जिवंत पेशी बशीच्या तळाला चिकटून असते. मेली की सुटते आणि धुण्यात वाहून जाते. तिने मायक्रोस्कोपखाली मोजलं. दहातल्या चारच पेशी उरल्या होत्या, त्याही पहिल्याइतक्याच टम्म. चरबी कुठे गेलीच नव्हती, पेशी गेल्या होत्या. फिकट दिसलं की आधी पेशी मोजायच्या, हे ती नव्या पोरांना कान पिळून शिकवायची, आणि पहिल्या खेपेला स्वतःच विसरली होती.

तिने हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "शोधनिबंध पाठवून झालाय. तुमचं काम धुण्याचं, मोजण्याचं नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग धुवा तुम्हीच," म्हणत तिने हातमोजे त्यांच्या टेबलावर आपटले आणि तडक दादाचं घर गाठलं.

वहिनी मिक्सरवर तीच पानं वाटत होती. महिनाभर रोज दोन वेळा पेलाभर रस चालला होता.

"आठवडा झाला, जेवणच जात नाही त्यांना," वहिनी म्हणाली. "म्हणतात, पान लागू पडतंय."

दादा आतून पट्टा आवळत आला. "बघ, दोन भोकं कमी झालो." त्याचे डोळे पिवळे झाले होते. लालबाईने पेला उचलून मोरीत ओतला आणि त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. रस्ताभर ती सरांना शिव्या घालत होती, पण त्यांतल्या निम्म्या स्वतःसाठी होत्या.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे प्यायला कुणी सांगितलं?"

दादाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बसमधला एक प्रवासी म्हणाला."

"खोटं बोलतोय तो," लालबाई म्हणाली.

"गप बस गं."

"नाही बसणार. लिहा डॉक्टर. बहिणीने सांगितलं. पेशी न मोजता सांगितलं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. दादाने टेबलाखालून तिचा लाल नखांचा हात धरला, आणि तिला त्याच्या त्या मायेचाच सगळ्यात जास्त राग आला.