मुलीचं मेजर आणि माझा पेशा

मुलीने मला फक्त पासपोर्टची कॉपी अपलोड करायला सांगितली होती. मी भलतंच करून बसलो.

ती शाळेत प्रॅक्टिकलला गेली होती. अमेरिकेतल्या एका कॉलेजने तिला प्रवेश दिला होता आणि होकार कळवायचा फॉर्म त्याच दिवशी बंद होणार होता. पासपोर्ट जोडला, तर खाली ‘मेजर’, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, ही चौकट रिकामी. पोरगी विसरली असं समजून मी यादीतून केमिकल इंजिनिअरिंग निवडलं आणि बटण दाबलं. वर बायकोला ऐटीत सांगितलं, “वेळेवर पाहिलं म्हणून वाचलो.”

रिकामी चौकट दिसली की माझा जीव वरखाली होतो. पुण्याहून मी केमिकल इंजिनिअर म्हणून निघालो आणि रियाधला उतरलो तो पाईप फिटर म्हणून. एजंटाकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, तोच पेशा छापला गेला. आणि पाईप फिटरला बायको आणता येत नाही. तो एक शब्द बदलण्यासाठी तीन वर्षं कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, मागे फिरलो, तेव्हा कुठे संसार सुरू झाला. कागदावर लिहिलं की चिकटलं, एवढंच मी इथे शिकलो.

दुपारी मुलीने फॉर्म उघडला आणि किंचाळलीच.

“बाबा, हे काय केलंस! ती जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली होती, घरी आल्यावर भरणार होते. आय वॉन्ट सायकॉलॉजी!”

“डॉक्टर व्हायचंय ना तुला?”

“तिथे मेडिकल डिग्रीनंतर असतं. मेजर कोणतंही चालतं. बायो, केमिस्ट्रीचे ठरलेले कोर्स करायचे, पण मार्क टॉपचे लागतात. इंजिनिअरिंगमध्ये माझे मार्क पडले तर मेडिकलवाले विचारणारसुद्धा नाहीत.”

“आणि नाहीच मिळालं मेडिकल, तर सायकॉलॉजी घेऊन खाशील काय?”

“तू केमिकल घेऊन काय झालास? पाईप फिटर!”

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला.

मुलीने कॉलेजला मेल टाकला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीठ माझ्यापुढे असलं तरी आईकडे मागायची. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. विषय बदलता येईल, पण आजच कळवा. नंतर इंजिनिअरिंगमधून बाहेर पडताना वर्ष वाया जाऊ शकतं.

ती उत्तर लिहायला बसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालेलं नाही.”

ती माझ्याकडे वळली. मग सगळंच सांगावं लागलं. सौदीकरणात, म्हणजे परक्यांच्या जागी सौदी माणसं घेण्याच्या धोरणात, आमच्या प्लांटवरचे दोघे भारतीय आधीच घरी गेले होते. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सौदी इंजिनिअर बसू लागला होता. माणूस सज्जन. रोज मला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजायचा आणि रोज माझं काम थोडं जास्त शिकायचा.

“मेडिकलपर्यंत मी पुरेन की नाही, सांगता येत नाही,” मी म्हणालो. “हातात नोकरीची डिग्री असावी, एवढंच वाटलं.”

तिने लिहायला घेतलेलं उत्तर पुसून टाकलं. मग हळूच म्हणाली, “ओके. राहू दे केमिकल.”

झालं की माझ्या मनासारखं! पण इतक्या मुकाट्याने या मुलीने आजवर माझं काहीही ऐकलं नव्हतं. मला काही ते झेपेना.

“पहिल्या वर्षी काय असतं रे?” तिने विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पहिल्या वर्षी मला गणितात केटी लागली होती. दुसऱ्या वर्षीही तीच. हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

“सायकॉलॉजी लिही,” मी म्हणालो.

“आणि नोकरीचं?”

“ते मी बघतो. तू मार्कांचं बघ.”

“नक्की? मग परत बटणं दाबणार नाहीस ना?”

“लिही म्हटलं ना. यल्ला, चल.”

तिने मेल दोनदा तपासला, पाठवला आणि खोलीत निघून गेली. बायको पिठाचे हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“तिचं मार्गी लागलं,” ती म्हणाली. “आता मला सांगा, हे कॉन्ट्रॅक्टचं तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”