दारातून दिसणारा टीव्ही

टीव्ही घ्यायला गेलेला माणूस टीव्हीसमोर उभा राहतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या मजल्यावरचे काका मात्र पार दुकानाच्या दारात जायचे, मान तिरकी करायचे आणि तिथून ओरडायचे, “हयसून दिसणा नाय!”

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांचा टीव्ही अर्धा मजला बघायचा, तोही गॅलरीतून. आत घरचे जेवत असायचे आणि आम्ही उंबऱ्याशी गर्दी करून मॅच बघायचो. पुढे चाळ पडली, टॉवर झाला, तिथेही आमचा मजला एकच. काकी गेल्या, मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. सामान हलवताना जुना टीव्हीही फुटला. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही तिघे नवा घ्यायला दादरला गेलो.

“पप्पा, तुम्ही एकटेच. मॉनिटर घ्या,” मुलगा म्हणाला. “जवळून बारीक अक्षरंसुद्धा स्वच्छ दिसतात. मोठा टीव्ही त्या खोलीत अंगावर येईल.”

बोलणं बरोबर होतं. मी दिवसभर ऑफिसात मॉनिटरसमोर डोळे फोडतो, मलाही ते पटलं. काकांनी मॉनिटर समोरून पाहिला, मान डोलावली आणि दारात गेले. तिथून रंग फिके पडले.

“ह्यो एकट्याचो रे. दारातल्याक काय दिसतला?”

“टॉवरमध्ये दारात येतंय कोण, पप्पा?”

काकांनी दारातूनही नीट दिसणारा टीव्हीच घेतला.

तो दारासमोरच्या भिंतीवर लागला. स्वतःची खुर्ची त्यांनी बाजूला सरकवली, म्हणजे दारातून बघणाऱ्याच्या मध्ये यायला नको. त्यांना स्वतःला तो तिरकाच दिसायचा. दार सताड उघडं. लोक लिफ्टमधून उतरायचे आणि मोबाइलमध्ये बघत आपापल्या घरात शिरायचे. त्यांचं तरी काय चुकलं? घरी पोहोचेपर्यंत माणसात काही बघायचं बळ उरत नाही.

मी थांबायचो, बॅग खांद्यावरच ठेवून. काका “आत ये” कधी म्हणायचे नाहीत. आत बोलावलं की दारातला माणूस “नंतर येतो” म्हणून सटकतो, हे चाळीत राहिलेल्याला शिकवावं लागत नाही.

“हयसून दिसता मा?”

“दिसतं, काका.”

मग ते खुशीत आवाज थोडा वाढवायचे. मला खरं तर क्रिकेटचा कंटाळा आला होता. पण दिवसभरात तेवढाच वेळ असा असायचा, की माझ्याकडून कुणाला काही करून नको असायचं. तेवढ्यासाठी मला काका फार हवेसे वाटायचे.

गणपतीनंतर एका दुपारी ते झोपेतच गेले. सगळा मजला आला, ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती तेसुद्धा. आत जागा नव्हती, म्हणून माणसं दारात आणि पॅसेजमध्ये खोळंबली. मी नेहमीच्या जागी उभा होतो. समोर टीव्ही बंद होता आणि त्याच्या काळ्या काचेत दारातली सगळी गर्दी दिसत होती. मला रडू आवरेना.

काका असते तर त्यांनी आवाज वाढवला असता.