दोन पहारेकरी

केडगावच्या दयाबाई चर्चचं पत्रक स्वतः टाइप करायच्या. नाताळ सरला आणि त्यांचा कम्प्युटर अचानक रेंगाळायला लागला. चालू करून चहा पिऊन कप विसळला, तरी स्क्रीन काळीच. वैतागून त्यांनी दुरुस्तीवाल्या गोकुळला बोलावलं.

"बाई, यात दोन अँटीव्हायरस हायेत. चालू झाले की एकमेकांवरच संशय घेत बसत्यात. एक काढावा लागंल. कुठला काढू?"

एक दयाबाईंच्या थोरल्या मुलानं, जेम्सनं बसवलेला, दुसरा धाकट्या इमॅन्युएलनं. नाताळात दोघं आले, पण वेगवेगळ्या दिवशी. भावाभावांत बोलणंच नव्हतं.

"कुठलाच नाही!" त्या तडकल्या. "दोघांना फोन लाव. म्हणावं, इथं येऊन, समोरासमोर बसून ठरवा. तोवर मी थांबते. सवय आहे मला."