शेवटच्या कडव्यातलं नाव

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर वेड्यात काढत आलोय. गाव खोडद, नोकरी जुन्नरच्या शाळेत, विषय विज्ञान. घाटातली बाई, पिंपळावरचा मुंजा... असलं काही माझ्यापुढे कुणी काढत नसे. तरी आज लिहितोय, कारण हे पोटात ठेवून ठेवून आता वीट आलाय.

मला तमाशासाठी गाणी लिहायचा नाद. पण खुर्चीत बसून एक ओळ सुचेल तर शपथ. सुचायचं ते चालताना, तेही माझा मित्र दगडू शिंपी सोबत असला तरच. शाळा सुटली की आमची फेरी – एसटी स्टँड, सदाबाजार, पणसुंबा पेठ आणि परत. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. एकदा कासाराच्या दुकानात एक बाई वैतागून म्हणाली, "माप बघून भर की." पुढच्या चौकापर्यंत दगडूची ओळ तयार – "माप बघून भर रं कासारा, हात कुणाचा उसना न्हाई." पुढची मी जोडली. त्याला लिहिता येत नव्हतं, वही माझी. आठ दिवसांच्या फेऱ्यांत लावणी पुरी झाली. खरं सांगतो, बारा आणे त्याची होती.

लावणीच्या शेवटच्या कडव्यात कवीनं आपलं नाव गुंफायची रीत आहे. मी लिहिलं – "शंकर मास्तर सांगे सभेला." नारायणगावच्या एका फडानं ती लावणी घेतली आणि ती गाजली. दगडूनं ती एका यात्रेत ऐकली. दुसऱ्या दिवशी फेरीत म्हणाला, "मास्तर, माजं नाव ऱ्हायलं का?"

"दोन नावं चालीत बसत नाहीत रे. ठेका मोडतो."

"आसं व्हय," म्हणाला आणि चालू लागला.

खोटं होतं ते. मी दुसरं नाव घालून बघितलंच नव्हतं. एवढा हलकटपणा माझ्यात कुठून आला, देव जाणे. पुढच्या वर्षी दगडू पोटाच्या दुखण्यानं गेला.

त्यानंतर दोन वर्षांनी अवसरी बुद्रुकची यात्रा. सकाळची हजेरी, म्हणजे दिवसाचा तमाशा. दहा-साडेदहा वाजलेले, लख्ख ऊन. गाणारी बाई नवीन, सांगलीकडची, त्याच वर्षी फडात आलेली. शेवटचं कडवं आलं आणि तिनं म्हटलं – "शंकर दगडू सांगे सभेला."

ठेका तसूभर हलला नाही. "मास्तर"च्या जागी "दगडू" नेमका बसला होता.

मी धावत मागं गेलो. "बाई, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कंचं नाव? वहीत हाय त्येच म्हनलं की." तिनं वही पुढं केली. माझंच अक्षर – शंकर मास्तर.

ढोलकीवाला म्हणाला, "मीबी ऐकलं राव. म्हनलं, तुमीच बदाललं आसंल."

फडातल्या कुणालाच दगडू शिंपी ठाऊक नव्हता. गावातल्या एकानं टेप केलं होतं, त्याच्याकडून कॅसेट मागून आणली. दोन्ही नावं स्वच्छ ऐकू येतात. कसं झालं? मी सगळ्या बाजूंनी डोकं लावलं, उत्तर नाही. दगडू गेल्यापासून एकटा तीच फेरी मारतो, पण एक ओळ सुचलेली नाही.

महिनाभरानं धीर करून कॅसेट घेतली आणि दगडूच्या घरी गेलो. सगळं कबूल करायचं, असं ठरवूनच. वहिनींनी चहा टाकला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "आमचे ह्ये शेवटपत्तोर सांगायचे, भाऊ, 'माजं नाव घालाया मास्तरांनी लई खटपट केली. पर चालीत बसंचना, त्याला त्ये तरी काय करत्याल.'"

मी चहा प्यालो. कॅसेट पिशवीतच राहिली. येतो म्हणालो आणि घरी आलो.