नव्व्याण्णवच्या वरचा ताप

थोडं यायचं आणि फार येतं असं वाटायचं, हा माझा जुना रोग. मंचरला बटाट्याच्या बेण्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसता बसता मी मोबाइलवर बघून प्रोग्राम लिहायला शिकले होते. त्यातच भात कापताना आईच्या पायावर विळा बसला. तिला साखर आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, ताप नव्व्याण्णवच्या वर गेला की त्याच दिवशी घेऊन यायचं.

आई तळेघरच्या वरच्या वाडीत, वहिनीजवळ. तिथे रेंज फक्त टेकाडावर. वहिनी रोज सकाळी ताप बघायची, टेकाड चढायची आणि मी करून दिलेल्या फॉर्ममध्ये लिहायची. नव्व्याण्णवच्या वरचा आकडा आला की माझा फोन वाजणार आणि मी गाडी घेऊन निघणार, असं ठरलं होतं.

वहिनी नुसता आकडा कधी लिहीत नसे. 'आज ९८ हाय, पेज प्याल्या.' आजाऱ्याची खबर अशी कोरडी द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून मी तो रकाना मजकुराचाच ठेवला, आणि प्रोग्रामला सांगितलं, अक्षरं गाळ, आकडा ठेव. दुसऱ्याच दिवशी ९९.४ आला, फोन वाजला, मी गाडी नेली. पट्टी बदलून आई परत गेली. वाडीत माझ्या मशीनचं लई कौतुक झालं आणि मीही फुगले.

मग चार दिवस फोन गप्प. पाचव्या दिवशी दुपारी डबा खाताना सहज रकाना उघडला. १००.६. १०१. १०२.४. '१०३ हाय, बडबडत्यात.' डबा बाजूला सारून मी प्रोग्राम उघडला.

चूक शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. अक्षरं गेली तरी उरलेला आकडा मशीनच्या लेखी मजकूरच होता. मजकुराची तुलना ते शब्दकोशासारखी करतं, पहिल्या अक्षरापासून. १०३ मधला एक हा नव्व्याण्णवातल्या नवापेक्षा लहान, म्हणजे १०३ लहान. नव्व्याण्णव पॉइंट चारला बोंबलणारं मशीन शंभरानंतर मुकं झालं होतं. मजकुराचा आकडा करायला एक शब्द लागतो, तो मी लिहिला नव्हता.

वहिनीचा फोन लागेना. जीप केली. घोडेगाव, डिंभे, पुढचा घाट, मी ड्रायव्हरला सारखी म्हणत होते, "भाऊ, जरा दामटा." मला भयंकर भीती वाटत होती. आई गेलेली असेल आणि वाडीतली माणसं दारात उभी असतील, हेच डोळ्यांपुढे येत होतं. रस्ता संपल्यावर बांधांवरून पळत सुटले.

आई ओसरीवर निजली होती. हात लावला तर चटका बसला. मी वहिनीवर ओरडले, "चार दिस झालं, खाली आणलं का न्हाई?"

वहिनी रडायलाच लागली. "वन्सं, मी परवापासनं म्हनतीय. गडी बोलावलं व्हतं, घोंगडीची झोळी बांधली व्हती. पन आत्याच हालंनात, फोनबी करू देईनात. म्हनल्या, काळजीचं असतं तर पोरगी गाडी घेऊन आली असती."

त्याच झोळीतून आईला जीपपर्यंत आणलं. पायाची दोन बोटं काढावी लागली, पण आई वाचली.

तो एक शब्द मी दुसऱ्याच दिवशी लिहिला. आईला मात्र काही सांगितलेलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती पाय दाखवते आणि म्हणते, "पोरीचं मशीन व्हतं, म्हनून वाचले बाई." मी चहा टाकायच्या निमित्ताने आत जाते.